दुधाचं पाणी आणि एका शब्दाचं निदान: बेळगाव भागातल्या डॉक्टर मंडळींना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात जे कोणी दवाखाना चालवतात, मोठ्या हॉस्पिटलात ओपीडी बघतात किंवा कारखान्यांना फिटनेस सर्टिफिकेट लिहून देतात, त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. एकाच डॉक्टरांना लिहिलं असतं तर ते भांडण झालं असतं. शिवाय चूक एकाची नाही. गेल्या तीन वर्षांत आम्ही नऊ जणांच्या पायऱ्या चढलो आणि त्यातल्या आठ जणांनी आम्हाला जवळपास सारख्याच चपळाईने बाहेर काढलं.

निमित्त एका कागदाचं. माझा नवरा फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामाला आहे आणि तीन वर्षं यांना वास, धूर, वाफ सोसत नाही. मागच्या महिन्यात यांना कंपनीने फिटनेस आणायला सांगितलं. तपासणीला सहा मिनिटं लागली, त्यातली दोन मिनिटं डॉक्टर फोनवर होते. स्टेथोस्कोप लावला तो शर्टावरूनच. कागदावर निदानाच्या रकान्यात एकच इंग्रजी शब्द, सायकोजेनिक, आणि खाली फिट फॉर ड्यूटी. म्हणजे आजार मनाचा, माणूस कामाला लायक. त्या कागदाच्या जोरावर कंपनीने यांना डिस्पॅचमधून काढून पुन्हा कोअर शॉपमध्ये, म्हणजे जिथल्या वायूने त्रास सुरू झाला त्याच विभागात, घातलं. हे गेले नाहीत. आता मस्टरवर रोज गैरहजेरी लागते आहे.

आमचं घर मजगावात. इथून उद्यमबागची औद्योगिक वसाहत सायकलच्या अंतरावर, त्यामुळे गल्लीत बहुतेक घरांतून कोणी ना कोणी फाउंड्रीत आहे किंवा होतं. मी घरी आठवी ते दहावीच्या मुलांचे विज्ञान-गणिताचे क्लास घेते. धारवाड विद्यापीठाची बी.एस्सी. आहे, विषय रसायनशास्त्र. हे मुद्दाम सांगते, कारण ‘नेटवर वाचून आलात काय?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की उत्तर आधीच देऊन टाकलेलं बरं. होय, नेटवर वाचूनच आले. दुसरं सांगणार कोण होतं?

ज्यांनी कोअर शॉप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओतकामात पोकळ भाग हवा असेल तर साच्यात वाळूचा गाभा बसवतात, तो कोअर. कोल्ड बॉक्स पद्धतीत वाळूत दोन द्रव मिसळतात, एक फिनॉलचं रेझिन आणि दुसरं आयसोसायनेट. मिश्रण कोअरबॉक्समध्ये फुंकायचं, त्यातून अमाइन वायू सोडायचा, की काही सेकंदांत वाळू दगड होते. उरलेला वायू पंख्याने ओढून स्क्रबरमध्ये आम्लाने धुवायचा असतो. अमाइनला कुजक्या मासळीचा वास येतो. सतरा वर्षं यांच्या बनियनला तो वास होता आणि मला तो नवऱ्याचाच वास वाटायचा.

नोव्हेंबर 2022 मध्ये एका रात्रपाळीला त्या पंख्याचा पट्टा तुटला. ऑर्डर अर्जंट होती, मशीन थांबलं नाही. पहाटे घरी आले आणि ट्यूबलाइटकडे बघत म्हणाले, ‘दिव्याभोवती कडं दिसूलालंय ग, निळं.’ मला वाटलं, झोप नाही म्हणून. पुढे वाचलं की अमाइनच्या वाफेने डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला सूज येते, असं निळसर धुकं दिसतं आणि काही तासांत जातं. धुकं दुपारपर्यंत गेलं. खोकला गेला नाही.

त्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांत घर हळूहळू रिकामं होत गेलं. आधी फिनेल गेलं, मग उदबत्ती, मग डांबरगोळ्या, माझा केसांचा डाय, धाकटीचं नेलपॉलिश. पेट्रोल पंपावर यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. बसमध्ये शेजारच्याच्या बॉडी स्प्रेने डोकं इतकं जड व्हायचं की कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगता यायचं नाही. थोरलीच्या लग्नात होमाच्या धुराची धास्ती म्हणून कन्यादान दीर-जावेने केलं. हॉलच्या दारात गुलाबपाणी उडवणारा पंखा होता. मंगलाष्टकं संपायच्या आत हे बाहेर पडले आणि लेकीची पाठवणी पार्किंगमध्ये उभं राहून बघितली. पाहुणे म्हणाले, बापाला रडू आवरेना. आम्ही तेच चालवून घेतलं.

या अवस्थेला ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात, हे मला मोबाइलवर रात्री दीड वाजता कळलं. एमसीएस. जे वास, ज्या वाफा बाकीच्यांच्या लक्षातही येत नाहीत, त्या न सोसणं. आणि लगेच हेही कळलं की या नावावरून तुमच्याच क्षेत्रात सत्तर वर्षं भांडण चालू आहे.

शिकागोचे ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी 1950 च्या दशकात हा विषय काढला. त्यांचं म्हणणं, आधुनिक जगातली रसायनं काही माणसांना अगदी थोड्या मात्रेतही आजारी पाडतात. त्यांच्या समव्यावसायिकांनी ते फारसं मानलं नाही. 1987 मध्ये येल विद्यापीठाच्या मार्क कलेन यांनी हे नाव आणि एक व्याख्या दिली. ते कामगारांचे आजार बघणारे डॉक्टर होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. नंतर टेक्सासच्या क्लॉडिया मिलर यांनी दोन पायऱ्यांचा सिद्धांत मांडला: आधी एक मोठा मार बसतो, मग सोसण्याची ताकद जाते, आणि मग एरवी न बाधणाऱ्या वस्तूही बाधू लागतात. हे वाचून मी यांना उठवलं. आमचीच गोष्ट कोणीतरी लिहून ठेवल्यासारखी होती.

दुसरी बाजूही त्याच आठवड्यात वाचली. 1996 मध्ये बर्लिनला जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित बैठक झाली, तिथे ‘केमिकल’ हा शब्दच नावातून काढावा असं सुचवलं गेलं, कारण रसायनामुळे होतं हे सिद्ध झालेलं नाही. त्याऐवजी ‘कारण न कळलेली पर्यावरणीय असह्यता’ अशा अर्थाचं लांबलचक नाव आलं. रुग्णांना ते आवडलं नाही, नवल नाही. 1999 मध्ये काही तज्ज्ञांनी ओळखण्याच्या सहा कसोट्या छापल्या: त्रास जुनाट हवा, संपर्क आला की पुन्हा पुन्हा व्हायला हवा, थोड्या मात्रेने व्हायला हवा, वस्तू दूर केली की कमी व्हायला हवा, एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक वस्तूंनी व्हायला हवा आणि शरीराच्या एकाहून जास्त संस्थांत दिसायला हवा. यांना सहाही लागू पडतात. पण या कसोट्या काय होतं ते सांगतात, का होतं ते सांगत नाहीत. रक्ताची अशी एकही चाचणी नाही जी दाखवून मी म्हणू शकेन, हा घ्या पुरावा.

आता जे लिहिणार आहे ते यांनी वाचून परवानगी दिली आहे.

2023 च्या श्रावणातली गोष्ट. फिनेल बंद होऊन बरेच महिने झाले होते, घराला ओला वास मारत होता. मी साध्या पाण्याच्या बादलीत दोन पळ्या दूध घातलं. फिनेल पाण्यात पडल्यावर जसं पांढरं फटफटीत होतं तसंच ते दिसलं. बादली घेऊन मी मुद्दाम बाहेरच्या खोलीतून गेले. हे खुर्चीत पेपर वाचत होते. बादलीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘फिनेलनं पुसूलालीस काय?’ मी काहीच बोलले नाही. फरशी अर्धी पुसून होईपर्यंत यांना ठसका लागला, कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं मशीन घरात होतं. ऑक्सिजन 98, नाडी 116.

मी बादली मोरीत ओतली आणि तिथेच बसून राहिले. पहिला विचार आला तो अगदी तुमच्यासारखाच: म्हणजे हे सगळं खोटं. पण 116 हा आकडा खोटा नव्हता. नाडी कोणी नाटकाने तेवढी वाढवत नाही. ठसका दुधाच्या पाण्याने लागला होता आणि ठसका खरा होता. ही दोन वाक्यं एकत्र कशी बसवायची ते मला त्या दिवशी कळलं नाही. यांना तर मी वर्षभर सांगितलंच नाही.

पुढे समजलं की मी मोरीशेजारी जे केलं ते संशोधक नीट पद्धतशीर करून बसले आहेत. 2006 मध्ये असे 37 प्रयोग एकत्र तपासून एक आढावा निघाला. रुग्णांना बंद खोलीत कधी खरं रसायन, कधी नुसती हवा द्यायची आणि काय होतं ते बघायचं. निष्कर्ष असा की या रुग्णांना त्रास होतो, पण मुख्यतः तेव्हा, जेव्हा खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ओळखता येतं. ओळखता येत नसेल तिथे फरक राहत नाही. म्हणजे रसायनापेक्षा अपेक्षेचा हात मोठा असावा. बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठात ओमर व्हान डेन बर्ग यांनी आणखी पुढचं दाखवलं. निरोगी माणसांना एखाद्या वासासोबत कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली. त्याने धाप लागतेच. थोड्या वेळाने नुसता वास दिला तरी धाप लागली. घाणेरड्या वासाने हे शिकणं सोपं गेलं. आणि ज्यांना आधी रासायनिक प्रदूषणाच्या धोक्याची माहिती वाचायला दिली होती, ते आणखी पटकन शिकले. मात्र तोच वास पुन्हा पुन्हा साध्या हवेसोबत दिला की शिकलेलं पुसटही होत गेलं.

सतरा वर्षं कुजक्या मासळीचा वास आणि एका रात्री गुदमरणं. यांचं शरीर काय शिकलं असेल, हे सांगायला मला बेल्जियमला जायची गरज नाही.

इथे थांबले असते तर तुमचा एक शब्द मी मुकाट्याने मान्य केला असता. पण 2024 च्या फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली. मागच्या गल्लीत एकांनी नवीन दार बसवलं आणि संध्याकाळी सुताराकडून त्यावर पीयू पॉलिश मारून घेतलं. आम्हाला पत्ता नव्हता. खिडकी उघडी होती, यांना कसला वासही आला नाही, जेवून झोपले. रात्री एकच्या सुमारास उठून बसले, छातीत शिट्टी वाजत होती, पहाटेपर्यंत झोप नाही. दाराचं मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तेही त्या घरच्या काकूंनी दार बघायला बोलावलं म्हणून. दोन डब्यांच्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. आणि आयसोसायनेटचा दमा कित्येकदा लगेच येत नाही, चार-आठ तासांनी, रात्री येतो. इथे अपेक्षा नव्हती, वास नव्हता, भीती नव्हती. बादलीही नव्हती.

मिरजेच्या एका छातीच्या डॉक्टरांनी, ते नववे, हे सगळं पंचवीस मिनिटं ऐकून घेतलं. त्यांनी श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी, फुंकायची एक साधी नळी दिली, पीक फ्लो मीटर, आणि दिवसातून चार वेळा आकडा लिहायला सांगितला. एरवी 420 च्या आसपास असणारा आकडा उद्यमबागेत जुन्या मित्राला भेटून आल्या रात्री 290 वर आला होता. मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी, झाली, दम्याचं औषध सुरू झालं. ते म्हणाले, ‘वहिनी, यांना दोन आजार आहेत. एक फुप्फुसाचा, एक शिकलेला. पहिल्यावर इनहेलर आणि तिथून कायमचं दूर राहणं, दुसऱ्यावर हळूहळू सवय. दोन्ही खरे.’ तीन वर्षांत आम्हाला कुणी दिलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

म्हणून माझं म्हणणं. कारणाचा वाद तुम्ही जरूर चालू ठेवा. क्युबेकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने 2021 मध्ये चार हजारांवर लेख तपासून एमसीएसचं मूळ दीर्घकालीन चिंतेत असल्याचं म्हटलं, त्यावर रुग्णांच्या संघटना खवळल्या. जपानने 2009 मध्ये या आजाराला आपल्या विम्याच्या यादीत जागा दिली. कोण बरोबर हे मला ठरवता येत नाही आणि माझा तो अधिकार नाही. पण आमच्याकडे या वादाचा वापर दार लावून घ्यायला होतो, त्याबद्दल माझ्या तक्रारी आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार, तुम्ही काम विचारत नाही. नऊपैकी सहा जणांनी ‘फाउंड्री’ एवढं ऐकून लिहून घेतलं. फाउंड्रीत कुठे, कशाजवळ, कोणतं रेझिन, पंखा चालतो काय, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं काय, हे कोणी विचारलं नाही. रोग्याला त्याचा धंदा विचारा, हे इटलीतल्या रामाझ्झिनींनी 1700 सालीच डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. आमच्या भागात तर हा प्रश्न पहिला हवा. निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत, वडगाव-शहापुरात माग आहेत, कडोली-उचगावकडे कोबी-बटाट्यावर फवारणी आहे. त्या बायाबापड्याही ‘वास सोसत नाही’ म्हणून तुमच्याकडे येत असतील आणि ॲसिडिटीची गोळी घेऊन परत जात असतील.

दुसरी, ‘सायकोजेनिक’ हा शब्द तुम्ही शेवटचा शब्द म्हणून वापरता. समजा, सगळं मनाचंच आहे. मग पुढे काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 म्हणतो की मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनेच उपचार मिळाले पाहिजेत. हाड मोडलेल्या माणसाच्या कागदावर ‘फ्रॅक्चर. फिट फॉर ड्यूटी’ असं कोणी लिहील काय? मन आजारी म्हणायचं आणि त्याच मनाला त्याच मासळीच्या वासात परत ढकलायचं, हे कोणत्या पुस्तकात बसतं? तुमचं निदान खरं मानलं तरी तुमचा सल्ला चुकतो.

तिसरी तक्रार उलट्या बाजूची. एका क्लिनिकमध्ये, कोणत्या गावात ते लिहीत नाही, आम्हाला फार गोड वागणूक मिळाली. बसायला खुर्ची, प्यायला काढा. यांच्या केसांचा नमुना घेतला, शरीरात विष साठलंय असं रंगीत चार्टवर दाखवलं आणि नऊ दिवसांचं डिटॉक्स सांगितलं. अडतीस हजार रुपये. माझ्या दोन बांगड्या गेल्या. बरं वाटलं, आठ दिवस. जे डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून हाकलतात तेच या दुकानांना गिऱ्हाईक पुरवतात, एवढं तुमच्या कानावर घालते. शिवाय लूव्हनच्या प्रयोगाने हेही सांगितलंय की ‘तुमच्या घरातली प्रत्येक वस्तू विष आहे’ असं माणसाच्या डोक्यात भरवलं की त्रास वाढतो. तो चार्ट बघून आल्यानंतरच यांनी नव्या वह्यांना हात लावायचं सोडलं.

चौथी, कायद्याची. यांना त्रास सुरू झाला तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायदा 1948 च्या तिसऱ्या परिशिष्टात 29 आजार होते आणि त्यात आयसोसायनेटची विषबाधा स्पष्ट लिहिलेली होती. भोपाळचा मिथिल आयसोसायनेट आणि आमच्या कोअर शॉपमधला पदार्थ वेगळे, आडनाव तेवढं एक, पण भोपाळनंतरच देशाला या घराण्याची ओळख झाली. कारखान्यातल्या माणसाला यादीतला आजार असल्याचा संशय आला तर मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणं हे कलम 89 प्रमाणे डॉक्टरांचं काम होतं. खात्री झाल्यावरच कळवा असं त्यात म्हटलेलं नाही, असल्याचं वाटलं तरी कळवायचं होतं. आमच्या फायलीत नऊ जणांची अक्षरं आहेत. तसं पत्र एकही नाही.

पाचवी तक्रार छोटी. तुमच्या वेटिंग हॉलमध्ये दर दहा मिनिटांनी ‘फुस्स’ करणारा तो डबा भिंतीवर लावलेला असतो. दम्याच्या ओपीडीतसुद्धा. आम्ही नंबर येईपर्यंत जिन्यात उभे असतो आणि आत आल्यावर तुम्ही विचारता, धाप कशाने लागली.

आणि भाषेचं. सीमाप्रश्न मी इथे काढत नाही, त्याला दुसरी व्यासपीठं आहेत. पण कागद इंग्रजीत, सही घ्यायचा फॉर्म कन्नडात, आणि समजावून सांगणं कुठल्याच भाषेत नाही, अशी गत असते. सायकोजेनिक म्हणजे काय हे यांना तुम्ही सांगितलं नाहीत, कंपनीच्या एचआरने सांगितलं, हसत हसत, चार जणांसमोर. ‘मन’ हा शब्द तुम्ही मराठीत नीट बसून सांगितला असतात तर तो शिवीसारखा लागला नसता.

मागण्या मोठ्या नाहीत, पैशाच्याही नाहीत.

वास, धूर, वाफ यांचा त्रास सांगणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या केसपेपरवर तो काय काम करतो, कशाला हात लावतो आणि सुट्टीत बरं वाटतं काय, या तीन ओळी लिहा. मनाचा शिक्का मारण्याआधी स्पायरोमेट्री करा, आणि ती चांगली आली तरी कामाच्या आणि सुट्टीच्या मिळून निदान दोन-तीन आठवडे पीक फ्लोच्या नोंदी घ्यायला सांगा. मीटर काही शेकड्यांत मिळतं. दवाखान्यात दोन ठेवलेत आणि फिरवलेत तरी चालेल.

नोंदींवरून कामाच्या जागेचा संबंध दिसला तर ‘त्या विभागात काम देऊ नये’ एवढं एक वाक्य सर्टिफिकेटवर लिहा. कॅनडाच्या मानवी हक्क आयोगाने अशा माणसांना कामाच्या जागी सवलत मिळाली पाहिजे अशी भूमिका घेतली, कारण काय याचा निकाल लागायची वाट बघितली नाही. आपल्याकडे असा आयोगाचा आदेश नाही, पण तुमची सही आहे. कंपनी आमचं ऐकत नाही, तुमच्या शिक्क्याचं ऐकते. कारखाना निरीक्षकांना कळवण्यासारखं असेल तर कळवा आणि त्याची प्रत आम्हाला द्या.

मनाचा भाग आहे असं वाटत असेल तर तसं तोंडावर, आमच्या भाषेत सांगा, आणि पुढचा पत्ता द्या: कोणाकडे जायचं, किती दिवस, काय करून घेतील. केसाचे नमुने, डिटॉक्स, विष काढायच्या सलाइन यांच्याबद्दल तुमच्या संघटनांच्या बैठकीत एकदा बोला आणि जे ठरेल ते मराठीत आणि कन्नडात दवाखान्याच्या भिंतीवर लावा. तिथे जागा हवी असेल तर तो फुस्स करणारा डबा काढा.

यांचं सांगते. दम्याचं औषध चालू आहे. दुसऱ्या आजारावर आम्ही घरीच काम करतो, मिरजेच्या डॉक्टरांनी घालून दिलं तसं. रविवारी दुपारी खिडक्या उघडून मी देवघरात एक उदबत्ती लावते, एक मिनिट, मग विझवते. हे उंबऱ्यावर बसून नाडी मोजतात. जूनमध्ये एक मिनिटाला 110 होती, आता चार मिनिटांना 92 आहे. दुधाच्या पाण्याचं मी यांना मागच्या दिवाळीत सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘दूध वाया घालवलीस.’

फिनेल अजून आणलेलं नाही. पीयू पॉलिशला आणि कोअर शॉपला सवयीचा उपाय नाही, तिथे जायचंच नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. तेवढंच तुमच्या कागदावर यायला हवं आहे.

उत्तर द्यायचं असेल तर मराठीत, कन्नडात, इंग्रजीत, कशातही द्या, मी वाचेन. समक्ष यायचं असेल तर बॉडी स्प्रे न मारता या. मारून आलात तरी चहा मिळेल, फक्त तो अंगणात बसून घ्यावा लागेल.

आपली,
कोअर शॉपमधल्या एका कामगाराची बायको
मजगाव, बेळगाव

ता. क. नाव लिहिलेलं नाही, कारण यांच्या पगाराचा आणि हक्काच्या रजेचा हिशेब अजून कंपनीकडे आहे. मिरजेच्या डॉक्टरांचंही लिहिलं नाही. त्यांच्या बाहेर आधीच रांग असते.